शिवणीच्या आतलं कापड

ब्लाऊज घट्ट व्हायला लागला म्हणून सुमनताईंकडे नेला. त्या कित्येक वर्षं घरीच शिवणकाम करतात. त्यांनी तो उलटा केला, बाजूची एक टीप उसवली आणि आत दडलेलं कापड मला दाखवलं.

"शिवतानाच ठेवते मी. तेव्हा ते कुणालाच नको असतं. पण अंग काय तसंच राहतं का?"

माझंही काम घरबसल्या भाषांतराचं. काम केलं तर पैसे, आणि पेन्शन द्यायला कुणी साहेब नाही. दरमहा थोडे म्युच्युअल फंडात टाकावेत म्हणून आणलेला फॉर्म वर्षभर पर्समध्ये पडून आहे. हातात येईल तेवढं कापड मी आजच्याच मापाने कापत आले.

"आणि तुमच्या म्हातारपणासाठी काय ठेवलंय?" मी विचारलं.

त्या हसल्या. "माझं कसलं म्हातारपण! हात चालतायत तोवर चालायचं."

मग त्यांनी सुई माझ्यापुढे धरली. "एवढा दोरा ओवून देता? हल्ली नेढंच दिसत नाही मला."

मी दोरा ओवायला घेतला. तिसऱ्यांदा चुकला, तेव्हा पर्समधून चष्मा काढावा लागला. तो त्या फॉर्मखालीच होता.