सुपारी फुटली, पण पोरगी कुठं हाये?

काय सांगू बाप्पा, ऐकायचं शिक्षण घेतलं अन् सख्ख्या भावाचं लगन मोडता मोडता वाचलं!

आमच्या अमरावतीच्या हापिसात शिबिर झालं, चांगलं कसं ऐकायचं त्याचं. पुण्याचे सर म्हणे, समोरच्याच्या डोळ्यांत पाहा, मान हलवा, मधात बोलू नका. शेवटी म्हणे, आता स्वतःच स्वतःले मार्क द्या. मी पैकीच्या पैकी देल्ले. काऊन कमी द्यायचे?

पुढच्याच रविवारी लहान भावासाठी, गजूसाठी, पोरगी पाहायले बार्शीटाकळीले गेलो. बाबा आता नाहीत, म्हणून बोलणारा मोठा मीच. पोरीचे वडील समोर बसले अन् सुरू झाले. मी लावली ना विद्या! डोळ्यांत डोळे, मान हालून राहिली, तोंडानं "हाव, बराबर हाये." पण ध्यान सारं मान नीट हालते का याच्यातच! ते काय बोलून राहिले, देवाले ठाऊक.

एकदम अडकित्ता वाजला. कट्ट! सुपारी फुटली. बायका पेढे घेऊन बाहेर आल्या.

गजूनं चिमटा काढला. "दादा, लगन पक्कं करून टाकलं तू! मी अजून पोरगी पाह्यली बी नाही!"

मोठ्या भावानं "हाव" म्हटलं की झाला शब्द. अन् फुटलेली सुपारी मागं घ्यावी, तर गावात पोरीचं नाव खराब.

तेवढ्यात पोह्याच्या प्लेटा घेऊन पोरगी आली, प्रांजली. पेढे पाहून जागीच थांबली.

"बाबा, मले कोणी पाह्यलं नाही, मी कोणाले पाह्यलं नाही. पेढे कायचे?"

"अवं, भाऊंले दोनदा इचारलं मी! दोन्ही खेपा हाव म्हणे!"

सारे माह्याकडे पाहून राहिले. काय सांगू, शिबिरात शिकून आलो म्हणून?

गजू उठला. "काकाजी, माफ करा. दादाले कमी ऐकू येते. आमाले दोघाईले जरा बोलू द्या, मंग सांगतो."

दोघं अंगणात गेले. इकडे मी पोह्यातले शेंगदाणे मोजत बसलो. लेकराचं वाटोळं केलं ना मी! मंग अंगणातून हसण्याचा आवाज आला. थोड्या वेळानं प्रांजली आत आली अन् बापाले म्हणे, "बाबा, वाटा पेढे."

हुश्श! असा जिवात जीव आला म्हणता! पेढ्यावर पेढे हाणले मी.

लगन झालं, सुखात हायेत दोघं. पण गजूची थाप तशीच राहिली ना! बार्शीटाकळीले गेलो की सारं घर माह्या कानाशी येऊन बोंबलते, "भाऊऽऽ, चहा घेता काऽऽ?" खरं सांगावं, तर गजू खोटा पडते. यंदा दिवाळीले त्यायनं आहेरात चक्क कानाचं मशीन देल्लं!

घरी येऊन बायकोले म्हटलं, "पाह्य बरं, इतके चांगले कान माहे, अन् हे मशीन!"

"लावा ना मंग," बायको म्हणे. "चांगल्या कानानं तरी कुठं ऐकता तुमी?"