झुलालभाऊंचं झेलणारं यंत्र

झुलालभाऊ आमच्या दोंडाईच्यातले रेडिओ-टेप दुरुस्त करणारे. त्यांच्याकडे दिलेली वस्तू वेळेवर परत मिळाली, असं शपथेवर सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण १९८९च्या श्रावणात त्यांनी जे केलं, ते आठवलं की आजही मला एका जागी बसवत नाही.

आमच्या गल्लीत श्रावणात बसवतात त्या कानबाई देवीची गाणी त्यांची आई, भिकुबाई, म्हणायची. कमलबाई ती झेलायची. म्हणजे एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं तीच परत म्हणायची, तेवढ्यात पहिलीला पुढची सुचते. कमलबाई वारली आणि भिकुबाईनं तोंड मिटलं ते मिटलंच. कमलबाईच्या जागी बसायला कोणी बाई धजेना. दोन वर्षं कानबाई मुकाट्यानं नदीवर गेली. आई पुन्हा गायली पाहिजे, हे भाऊंच्या मनानं घेतलं.

त्यांनी स्पूलचे दोन टेपरेकॉर्डर अडीच फुटांवर मांडले. फीत एकातून निघून दुसऱ्यात जायची. पहिला आवाज टिपायचा, दुसरा तोच आठ सेकंदांनी कर्ण्यातून ऐकवायचा. सोबतीला बँडपार्टीतला निंबा, कॅसिओ घेऊन.

"माय, तू नुसतं म्हन. झेलाले यंत्र शे."

"हाई डबडं झेली मनं गानं?" भिकुबाई फणकारली.

सोमवारी सकाळी, विसर्जनाआधी, सगळी गल्ली जमली. स्पूल तासभर चालणार होती, आणि संपायच्या आत बदलायची म्हणून भाऊ दुसरी हातात धरूनच बसले. निंबानं एक सूर दाबून धरला. लेकाचं मन मोडवेना म्हणून भिकुबाई गाण्याची पहिली ओळ पुटपुटली, "थांब वं माय, घडीभर थांब."

मग काहीच नाही. आठ सेकंद इतके लांब असतात हे मला तेव्हा कळलं. आणि कर्ण्यातून तीच ओळ आली!

"माय वं! हाई ते मीच शे!" ती ओरडली. आठ सेकंदांनी तेही परत आलं. गल्ली हसली, मग आमचं हसूही परत आलं. भिकुबाईला चेव चढला. कर्ण्यातला आवाजही पुन्हा टिपला जाऊन एका भिकुबाईच्या चार झाल्या, निंबाचे सूर एकावर एक चढले, माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

विसर्जनाला उशीर नको, दहाच मिनिटं थांबू, म्हणालेली शेजारची मंजुळाबाई आरतीचं ताट धरून उभी होती. निरांजनातली वात कधीच विझली होती, पण तिला पत्ता नव्हता.

तेवढ्यात निंबानं मानेनं खुणावलं. पहिली चकती रिकामी होती. दुसरीवर फितीचं टोक फटफट आपटत होतं.

भाऊंचा चेहरा पडला; ती कधी संपली हे त्यांनाही कळलं नव्हतं. "फीत कवय सरनी?"

"माले काय म्हाईत?" निंबा म्हणाला. "गानं ते चालूच शे!"

खरंच चालू होतं. मंजुळाबाई डोळे मिटून ओळ झेलत होती, आणि तिच्यामागे गल्लीतल्या सगळ्या बाया.

भाऊ नवी स्पूल चढवायला उठले, थांबले, आणि ती तिथेच ठेवून त्यांनी यंत्राचं बटण बंद केलं. डोळे पुसून ते आईजवळ जाऊन बसले. पुढची ओळ त्यांनी स्वतः झेलली. आवाज अगदीच बेसूर होता, पण आयुष्यात पहिल्यांदा झुलालभाऊ वेळेवर आले.