राबाचा पुरावा

एमएला मी इतिहास घेतला होता आणि जोडीला शाश्वत विकास. मुरबाडहून सकाळच्या एसटीने कल्याण गाठायचं, तिथून पुढे विद्यापीठ. इतिहास म्हणजे काय ते घरी कळायचं. दुसरा विषय मलाही धड समजावून सांगता येत नव्हता.

एका तासाला शाश्वत विकासाच्या सरांनी पडद्यावर फोटो दाखवला. शेताचा छोटा तुकडा, त्यावर धूर. "शेतकऱ्यांचं अज्ञान," सर म्हणाले. मी ओळखलं, हा राब. आमच्याकडे उन्हाळ्यात शेण, पाला, फांद्या पसरून जमीन भाजतात आणि पावसाळ्यात तिथेच भाताची रोपं करतात. माझी आई दरवर्षी भाजते.

त्याच आठवड्यात इतिहासाच्या मॅडमनी इंग्रजी अमलातले जंगलखात्याचे कागद वाचायला दिले. त्यातल्या साहेबाची तीच तक्रार होती: हे अडाणी लोक राबासाठी झाडं छाटतात. तो कागद घेऊन मी सरांसमोर उभी राहिले.

"सर, तुमचं वाक्य फार जुनं आहे."

सर रागावले नाहीत. "जुनं म्हणून चूक कसं? दाखव."

मी आईकडे दोन वाफे मागितले. एक भाजायचा, एक तसाच ठेवायचा.

"इतकी शिकलीस नि माझीच परीक्षा घेतेस गो?" आई म्हणाली. "न भाजलेल्यात नुसतं गवत येल, सांगून ठेवते."

पाला आणायला मी आईबरोबर गेले. वाडीवरची एक मावशी सोबत होती. ती वर्षानुवर्षं आमच्याकडे मजुरीला येते. ती म्हणाली, "आदी बांधावरच्या ऐनाच्या झाडांचा पाला पुरायचा. आता टेकडी चढावी लागते." वर बरीच झाडं बुंध्यापर्यंत छाटलेली होती. काहींना पालवीच नव्हती. मी सरांशी भांडायच्या तयारीने आले होते, पण हेही टिपून घेतलं.

पावसाळ्यात आईचं खरं ठरलं. भाजलेल्या वाफ्यात रोपं दाट, हिरवीगार. दुसऱ्यात गवत उपटून आमच्या कमरा धरल्या. सरांच्या विषयाच्या निबंधात मी दोन्ही लिहिलं: राब हे अज्ञान नाही, बाईच्या निंदणीचे दिवस वाचवणारी युक्ती आहे, पण टेकडीला ती झेपेनाशी झाली आहे. सरांनी सगळ्यांसमोर तासभर प्रश्न विचारले. मी एकदाही अडखळले नाही. फक्त एका प्रश्नाला म्हणाले, "माहीत नाही, मोजावं लागेल." टेकडी आणखी किती वर्षं पुरेल, असा तो प्रश्न होता.

घरी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या साली अर्धा पाला घालू, अर्धा पेंढा. बघू काय व्हतं."

सुट्टीत मी मावशीला घेऊन टेकडीवर गेले. ती झाडाला हात लावून नाव सांगायची, मी वहीत लिहायचे. दुपारपर्यंत आम्ही निम्म्या उतारावरची झाडं मोजून संपवली.