बोटीवरचं हळदीकुंकू

चैत्रातली तीज, बऱ्याच वर्षांपूर्वीची. हजर: नलू, तिचे यजमान माधवराव आणि अंबत्तूरच्या आम्ही सहा मैत्रिणी. आज डाळीसाठी कैरी किसताना त्या वासासरशी सगळं आठवलं.

नलू आणि माधवराव मुट्टुकाडूच्या खाडीत बोटीवरच राहतात. उन्हाळ्यात जुन्या मैत्रिणींना बोलवायचं, फिरवून आणायचं, म्हणून चैत्रगौरही बोटीवरच मांडलेली. आरती सुरू होताच सवयीने आम्ही सगळ्या उठलो आणि गौरीकडे गोळा झालो. बोट त्या बाजूला कलली. कडेला उभे राहून दोर आवरणारे माधवराव पाण्यात गेले.

"बसा गं! होतात तिथे बसा!" नलू ओरडली. बोट सावरली, पण गढूळ पाण्यावर कोणीच दिसेना. कुंकवाच्या हातांनी कठडा घट्ट धरून ती नुसती वाकून पाहत राहिली.

मग पलीकडून माधवराव वर आले. "माझी डाळ ठेवलीत ना?" खोकत म्हणाले. आम्ही हसत सुटलो. नलू हसली नाही. तेव्हा मला वाटलं, रागावली. तिला पोहताच येत नाही, हे परवा फोनवर कळलं.

"यंदा शिकतेच," म्हणाली. "यांचा आता तोल जातो गं."

बायकांना पोहायला कुठे शिकवतात, त्याची तिच्यासाठी चौकशी अजून करायची आहे.