मांडीखालचा माइक

भातसानगरच्या वसाहतीत वाल्मिकच्या क्वार्टरवर उंच एरियल होती, आणि वाल्मिकचं नाक तिच्याहून उंच होतं. धरणावर तो इलेक्ट्रिशियन. पण सगळा जीव हौशी रेडिओत, म्हणजे घरच्या सेटवरून लांबलांबच्या माणसांशी बोलण्यात. त्र्याण्णव साली परीक्षा देऊन त्यानं सरकारी परवाना काढला, शहापूर-मुरबाडकडचा पहिला. मग आठ-दहा जणांना त्यानंच तयार केलं. त्यातली एक अनिता, मुरबाडच्या शाळेतली बाई. ताटलीवर चमचा वाजवून वाजवून त्यानं तिच्याकडून टकटकीची मोर्स लिपी पाठ करून घेतली होती. हे तो भेटेल त्याला सांगायचा, न विचारता.

आता तीच बाई त्याच्या डोळ्यांत सलत होती.

वाशिंदला त्याच आठ-दहांतल्या ओमकारच्या सोसायटीनं त्याची एरियल उतरवायला सांगितली, तेव्हा वाल्मिक म्हणाला, "काढ बाबा, कशाला भांडतोस?" अनिता मात्र परवाना घेऊन सोसायटीच्या मीटिंगला जाऊन बसली, आणि एरियल राहिली. त्यांच्यातल्याच राघोच्या वाडीत, सिद्धगडाच्या पायथ्याशी, ओरड झाली, की याच्या एरियलच्या काठीमुळे वीज पडेल. अनिता चढून गेली, वाडीतल्या म्हाताऱ्यांना सेटसमोर बसवलं, पार पुण्याकडचा माणूस बोलताना ऐकवला, वीज जमिनीत उतरवणारी तार दाखवली. ओरड थांबली. वाल्मिकच्या पोटातली मात्र तेव्हापासून सुरू झाली.

दर रविवारी सकाळी या मंडळींची 'नेट' भरायची. सगळे एकाच लहरीवर, आणि एक जण पुढारी. तो पुकारेल त्यानंच बोलायचं. कित्येक वर्षं हा मान वाल्मिकचा. एकदा पडसं झालं म्हणून त्यानं अनिताला बसवलं, आणि ती बसली ती बसलीच. तिला 'ऊठ' असं कोणी म्हटलंच नाही, हे त्याला जास्त झोंबलं.

अशात पावसाळ्याच्या तोंडावर निरोप आला: पुराच्या तयारीसाठी दोन्ही तालुक्यांच्या बैठकीत रेडिओवाल्यांचा एक माणूस बसेल. कोण, ते येत्या रविवारी नेटवर ठरणार होतं. प्रत्येकानं एक नाव घ्यायचं. वाल्मिकला ती खुर्ची हवी होती. इतकी, की जेवणात लक्ष नव्हतं.

रविवारी तो चहाची बशी घेऊन सेटसमोर बसला. हात अडकले म्हणून माइक मांडीखाली सरकवला. माइकचं बटण दाबलं की आपण बोलतो, सोडलं की ऐकतो. दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्याचं काही कानावर येत नाही, आणि आपला सेट जोरकस असेल तर इतरांना बोलायची सोयही उरत नाही. हा धडा वाल्मिकनंच सगळ्यांना शिकवलेला. मांडीचं वजन बटणावर पडलं आणि सेट गप्प झाला.

"बघितलंस गो?" तो खुशीत बायकोला म्हणाला. "टाइम होऊन गेला, एक माणूस नाय आला. म्हणे बाईची नेट!"

मैना तांदूळ निवडत होती. "कशाला जळताव तिच्यावर?"

"जळू नको तर आरती करू? माझ्या ताटलीवर शिकली ती! आणि राघो माझ्या तोंडावर सांगतो, बाई आल्या म्हणून माझी काठी राहिली. माझं नाव नाय घेतलं मेल्यानं."

"मग ती नेट वाईट चालवते का?"

वाल्मिकनं बशी खाली ठेवली. ऐकायला मैनाशिवाय कोणी नव्हतं, म्हणून खरं बोलला. "वाईट चालवली असती तर सुखानं झोपलो नसतो का? चांगली चालवते. माझ्यापेक्षा चांगली. मी नुसता बोलायचो गो, ती लोकांचं ऐकून घेते. खुर्ची तिलाच शोभेल. तेच तर पोटात दुखतंय."

मैनानं मान वर केली. "अवो, तो लाल दिवा कशाला पेटलाय?"

लाल दिवा म्हणजे आपण बोलतोय. वाल्मिक ताडकन उठला, बटण सुटलं आणि सेट बोलू लागला.

"वाल्मिकदादा, तुमचा माइक चालू राहिला होता," अनिताचा आवाज आला, नेहमीसारखा शांत. "नेट पुढं चालू. दादा मोठे, पहिलं नाव त्यांनी घ्यावं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला भांडता तरी आलं असतं. स्वतःचंच नाव घ्यायचं त्यानं कधीचं ठरवलं होतं; आता ते कोणत्या तोंडानं घेणार?

"अनिता," तो म्हणाला.

मग ओमकार म्हणाला, अनिता. राघो म्हणाला, अनिता. एकामागून एक सगळे तेच म्हणाले. शेवटी राहिली ती स्वतः.

"माझं मत वाल्मिकदादांना."

मैना समजूत घालायला म्हणाली, "एक तरी पडलं की तुमाला."

"तेपण तिनंच टाकलं गो," वाल्मिक म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं.