अस्वलाला ऐकू जाईल इतकं

दिवाळीनंतर नवरा घर सोडून गेला आणि मी सगळ्यांना सांगितलं, तो ट्रेनिंगला पुण्याला गेलाय. मूल गावातल्या आमच्या गल्लीला सांगितलं, मी लिपिक आहे त्या कॉलेजात सांगितलं, आणि ब्रह्मपुरीला राहणाऱ्या माझ्या आईलाही तेच. खरं म्हणजे तो चंद्रपुरात, त्याच्या ऑफिसातल्या एका बाईबरोबर संसार थाटून बसला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ आवळून आवळून माझी बोटं दुखायला लागली होती. दर रविवारी मी त्याने मागे ठेवलेले दोन शर्ट धुऊन गच्चीवर वाळत घालायची. शर्ट मळलेले नसायचेच. तो सुट्टीला येऊन जातो असं शेजारणीला वाटावं, एवढ्यासाठी ते धुतले जात.

चैत्रात मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक बाई डोंगरात एकटीच चालते, कोणाशी बोलत नाही, आणि सातव्या मिनिटाला तिला नवं आयुष्य सापडतं. मी म्हटलं, हिमालय कशाला पाहिजे, जंगल तर आमच्या दारात आहे. बूट घेतले, टोपी घेतली, शेंगदाण्याची चिक्की घेतली. गडचिरोलीच्या आत जंगलात एक गाव आहे, तिथं आमच्या कॉलेजातल्या शिपायाचं सासर. सडकेपासून आठ किलोमीटर पायवाट. मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी लांबच्या रस्त्याने जीपने परत यायचं, असं ठरवून सकाळी बसमधून सडकेवर उतरले. पुढचे आठ किलोमीटर एक अक्षर बोलायचं नाही, अशी शपथ घेतलेली.

सडकेवरच्या चहावाल्याने आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“एकट्या जाता त जा बाई, पण तोंड बंद ठेवू नोका,” तो म्हणाला. “मोहफुलं पडून राह्यली, झाडाखाली अस्वल राह्यते. तिले दिसते कमी. आवाज नाई आला आन् तुमी एकदम पुढं गेल्या, त ती घाबरून अंगावर येते. बोलत जा.”

काय बोलू, असं मी विचारलं. काहीही चालते, अस्वलाचं काही म्हणणं नसते, असं तो म्हणाला.

शपथ अशी चहाच्या पहिल्या कपातच बुडाली. शांततेसाठी दोन दिवसांची रजा टाकलेली आणि आता आठ किलोमीटर बडबड करायची. मी चिडून एकोणतीसचा पाढा सुरू केला. एकोणतीस साते दोनशे तीनपर्यंत आला, पुढे अडला. मग आरती म्हटली. मग ऑफिसातल्या खिडकीवर रोज म्हणते ते म्हटलं: बोनाफाइडसाठी अर्ज आत द्या, फोटो चिकटवा, जेवणाच्या सुट्टीत विचारू नका. अर्ध्या तासात माझ्याकडचा सगळा माल संपला. थोडा वेळ गप्प राहिले तर डावीकडे पाचोळा वाजला. माझी पाचावर धारण बसली, आणि तोंडात जे आलं ते मी ओरडून बोलायला लागले.

नवऱ्याला शिव्या घातल्या. त्याला सिलिंडर बदलता येत नाही, त्या बाईला हे सांगितलंय का, असं विचारलं. तो घोरतो कसा ते करून दाखवलं. गच्चीवरच्या शर्टांचं सांगितलं. आणि मग, सहा महिन्यांत आरशासमोरही न बोललेलं वाक्य मोठ्याने बोलले, “तो ट्रेनिंगला नाही गेला, तो मला सोडून गेला, आता आईला काय सांगू?” तिथेच पाचोळ्यात बसून भोकाड पसरून रडले.

रडणं जरा थांबलं तेव्हा झाडांमागून कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. अस्वल रडत नाही, एवढं मलाही कळतं.

टोपल्यांत मोहफुलं वेचणाऱ्या पाच-सहा बाया मोहाखालून उठून आल्या. त्यांच्यात एकीलाच मराठी येत होतं. पोरगी कुठल्याशा आश्रमशाळेत शिकलेली. शिव्यांपासून आतापर्यंतचं सगळं ती बाकीच्यांना त्यांच्या माडिया बोलीत सांगत आली होती. घोरण्याचा भाग त्यांना फार आवडला होता. तो तिने माझ्यासमोर पुन्हा करून दाखवला आणि सगळ्या पुन्हा हसल्या. मला राग यायला हवा होता, पण मीही हसले.

मग त्यांच्यातली सर्वांत म्हातारी काहीतरी म्हणाली. पोरीने मराठीत सांगितलं, “आजी म्हणते, आमच्यात असं झालं त संध्याकाळपर्यंत गावाले मालूम राह्यते. सहा महिने ओझं घेऊन काऊन फिरली?”

आईला आत्ताच सांगून टाक, असंही आजीचं म्हणणं पडलं. आजीने टोपली खाली ठेवली, माझा हात धरला आणि मला जवळच्या टेकाडावर नेलं. तिथं फोन लागतो म्हणे. बाकीच्या मागोमाग आल्या. पुढं काय होतं ते त्यांनाही पाहायचं होतं.

आईने फोन उचलला. सकाळपासूनची सवय, आवाज खाली येईना. जे अस्वलाला सांगितलं तेच त्याच पट्टीत आईला सांगितलं.



“बोंबलते काऊन,” ती म्हणाली. “मले मालूम हाय. थंडीत डोळे तपासाले चंद्रपूरले गेली होती ना, तवा दिसला त्या बाईसंगं. चष्मा लागाचाच होता तरी दिसला. तुनं सांगतलं नाई, म्हणून म्या इचारलं नाई.”

“मग लोकांना काय सांगितलंस?”

“तू सांगत होती तेच. माह्या पोरीले कोणी काई बोलू नये म्हणून.” तिचा आवाज रडवेला झाला. “पण म्या त गल्लीत त्याले प्रमोशनही देऊन टाकलं व बाई. पेढे वाटले. आता त्याले खाली कसं उतरवू?”