आज ह्या मॅडम नाहीत

"मॅडम, उद्या साडी नका नेसू. ड्रेस घालून या. आणि एक वेणी घाला, पोरींसारखी."

प्राचार्य हे बोलले तेव्हा आम्ही तासिकेवरचे सगळे त्यांच्या केबिनमध्ये उभे होतो. तिथे आम्हाला बसा असं कोणी म्हणत नाही. मला वाटलं, स्वागतगीत गायला लावणार असतील. मग ते म्हणाले, "उद्या तपासणीची समिती येऊन राह्यली. वर्ग भरलेले दिसले पाहिजेत. पोरं तर सगळी सोयाबीन काढायला गेली. तुम्ही बाकांवर बसायचं. विद्यार्थी म्हणून."

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. अकरा वर्षं त्याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते.

तासिकेवर म्हणजे तास घेतला तर पैसा. दिवाळी आमची नाही, उन्हाळा आमचा नाही. मुलीच्या वेळी बाळंतपणाची रजा मागायला गेले, तर हेच प्राचार्य हसून म्हणाले होते, "रजा नोकरीवाल्याला असते, मॅडम." उन्हाळा लागला की नेमणूक संपते. जुलैत पुन्हा मुलाखत. दरवर्षी त्याच माणसांसमोर मी माझं नाव सांगायचं, आणि त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करायचं. निवड झाली की कशाबद्दल तरी आभार मानायचे. मी मानत आले.

केबिनबाहेर आल्यावर कोणी कोणाकडे पाहिलं नाही. वानखडे सर कॉमर्स शिकवतात, माझ्याहून वयानं मोठे. ते तिथून थेट न्हाव्याकडे गेले.

सकाळी मी वेणी घातली. कानाजवळचे पांढरे केस आत दाबले. तिसरीतल्या मुलीची सॅक रिकामी केली आणि खांद्याला लावली. ती बघत होती.

"आई, तू शाळेत जाऊन राह्यली का?"

"हो."

"कितवीत?"

मी चपला घातल्या आणि निघाले.

उंद्रीच्या फाट्यावर काळीपिवळी जीपमध्ये बसले. रोजची माणसं. रोज "या मॅडम" म्हणून सरकून जागा देणारी. त्या दिवशी सरकली, पण मॅडम कोणी म्हटलं नाही. माझे बाबा खामगावात जिनिंगमध्ये हमाली करायचे. घरी आले तरी त्यांच्या भुवयांत कापूस असायचा. मी पीएच.डी. झाले तेव्हा वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला. बाबा त्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटले, "माही पोरगी प्रोफेसर झाली." बरं झालं, ही वेणी बघायला ते राहिले नाहीत. असा विचार माझ्या मनात आला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

वर्गात पाय टाकला आणि खरी जी काही पोरंपोरी आली होती, ती सवयीनं उठून उभी राहिली.

"गुड मॉर्निंग मॅडम!"

फळ्यापाशी आमचे विभागप्रमुख उभे होते. पूर्ण पगाराचे, कायम. ते ओरडले, "बसा बे! आज ह्या मॅडम नाहीत."

पोरं बसली. दुसऱ्या बाकावरच्या पोरीनं मला जागा करून दिली आणि आपल्या वहीकडे बघत राहिली. वानखडे सर मागच्या बाकावर होते. केस काळेभोर. मिशी नव्हती. मी त्यांना आधी ओळखलंच नाही.

विभागप्रमुखांच्या हातात माझ्याच नोट्स होत्या. ग्रामसभेचा धडा. ते वाचत होते, "गावातला कोणताही मतदार ग्रामसभेत उभा राहून प्रश्न विचारू शकतो." ते वाक्य मी लिहिलेलं. दरवर्षी तिथे थांबून मी पोरांना विचारते, तुमच्या गावात कोण उभं राहतं, सांगा. ते थांबले नाहीत.

समिती आली. त्यातले एक पिकल्या केसांचे, चेहऱ्यानं मायाळू. ते माझ्याच बाकाशी थांबले.

"बेटा, पढ़ाई के बाद क्या बनना चाहती हो?"

उत्तर आम्हाला आदल्या दिवशी पाठ करायला दिलं होतं. सर, मुझे प्रोफेसर बनना है. मी उभी राहिले. प्राचार्य त्यांच्या मागून मान हलवत होते, बोला, बोला. मला आठवलं ते फक्त मुलीचं विचारणं. कितवीत?

"सर, मैं इस क्लास की टीचर हूँ. ग्यारह साल से."

मग प्राचार्य मोठ्यानं हसले. "बड़ी मज़ाकिया बच्ची है, सर."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. कानाजवळच्या केसांकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. तो म्हणाला, "बैठो बेटा." आणि चहाला गेला.

मी बसले नाही. सॅक उचलली आणि दाराकडे निघाले. मागे बाकं वाजली. पोरं उभी राहिली होती. या वेळी विभागप्रमुखांनी त्यांना बसवलं नाही.

याला कोणी विजय म्हणू नका. माझे तास दुसऱ्या दिवशी दुसरीला दिले. आणि समिती आली त्याच संध्याकाळी स्टँडवर वानखडे सरांनी मला गाठलं. चिडलेले.

"काऊन बोलल्या, मॅडम? आता आपल्या सगळ्यायलेच घरी बसवतील. माही पोरगी बारावीले हाय."

मलाही संताप आला. प्राचार्यांवर आला नव्हता तेवढा त्यांच्यावर आला. मी म्हणाले, "सर, आज मिशी काढून मागितली. पुढच्या साली काय मागतील?"

ते ओठावरून हात फिरवत उभे राहिले. त्यांची गाडी आली, तिच्यात ते चढले.

कायम प्राध्यापकांच्या संघटनेकडे मी गेले. त्यांचे पदाधिकारी चहा पाजून म्हणाले, "तुमचा प्रश्न वेगळा आहे, मॅडम. तुम्ही आमच्या घटनेत बसत नाही." त्यांच्या मोर्चात गर्दी करायला मात्र आम्ही चालत होतो. तेव्हा कळलं, आपली संघटना आपल्यालाच उभारावी लागणार. आमच्या वस्तीतल्या विहारात पहिली बैठक घेतली. आजूबाजूच्या कॉलेजांतले तासिकेवाले आले. सगळ्यांत शेवटी वानखडे सर आले. मिशी पुन्हा फुटलेली. म्हणाले, "ल्याहा मॅडम, माहं नाव ल्याहा."

सगळ्यांसाठी एकच करार, असं ठरलं. नेमणूक पूर्ण वर्षाची, सुट्या धरून. बाळंतपणाची रजा. काढायचं तर लेखी कारण. जुलैचा मुलाखतीचा तमाशा बंद. आणि बोलणी करायला कोणी एकट्यानं आत जायचं नाही. कारण आम्हाला आजवर एकेकट्यालाच मोडलं गेलं, बंद केबिनमध्ये, उभं करून.

जुलैत मुलाखतीच्या दिवशी आम्ही सगळे केबिनबाहेर जाऊन बसलो. शिपाई आला. "सायेब म्हणतेत, एकेक जण या."

कोणी उठलं नाही.

करार अजून झालेला नाही. वानखडे सरांना फोन येतात, एकटे या, तुमचं बघू. मला निरोप आहे, माफी लिहून द्या, तास परत घ्या. सर टिकतील का, मला माहीत नाही. बारावीचा निकाल लागला, पोरीची फी भरायची आहे. ते गेले तर मी त्यांना शिव्या देणार नाही. पण मी जाणार नाही.

तोंडानं मॅडम म्हणणारे मला पुष्कळ भेटले. माझं मॅडमपण एका आरोळीत काढून घेता येतं, कारण ते कुठे लिहिलेलं नाही. आता लिहून द्या. सही, शिक्का, वर्षभराचं. माझ्या एकटीचं नको, सगळ्यांचं द्या.

समिती कधीतरी पुन्हा येईल. पोरं सोयाबीनला गेलेली असतील. बाकं रिकामी असतील. दिसू देत त्यांना रिकामी. मी वेणी घालणार नाही.